एकोणतीस तारखेची वाट

आधीच सांगून टाकतो, मी त्याच्यावर जळत होतो. ऐकणारे म्हणतात, ‘तसं काही नसतं हो, तरुणपणीची चढाओढ ती.’ छ्या! चढाओढ कसली? जळत होतो. त्याचं कौतुक कानावर पडलं की हातातला घास ताटात ठेवायचो आणि आई म्हणायची, पोट बिघडलंय का रे? आता काय सांगू तिला!

साताऱ्यात मोती चौकापासून हाकेच्या अंतरावर घड्याळदुरुस्तीचं एक दुकान होतं. मालकांना सगळं गाव काका म्हणायचं, आम्हीही काकाच म्हणायचो. त्यांच्या हाताखाली आम्ही दोघं. मी उंब्रजचा, घरी ऊस, थोरला भाऊ पलटणीत, खाऊनपिऊन बरं. तो माण तालुक्यातला, दहिवडीच्याही पलीकडचा, घरी मेंढरं. मी दुकानात रुळल्यावर दोन वर्षांनी तो आला. दोघंही पंचविशीच्या आतबाहेर. एकाच खिडकीला दोघांची टेबलं आणि उजेड जरा जास्त त्याच्या टेबलावर यायचा. मी यावरूनसुद्धा जळायचो, काय सांगायचं!

काकांची कामाची एक रीत होती. अवघड काम एकानं केलं की दुसऱ्यानं डोळ्याला भिंग लावून ते तपासायचं. याला ते ‘दुसरा डोळा’ म्हणायचे. दुसऱ्यानं ‘ठीक आहे’ म्हटल्याशिवाय तबकडी चढवायची नाही, मग गिऱ्हाईक दारात कितीही खोळंबू दे. काका म्हणायचे, “आपल्या हातची चूक आपल्याला दिसत नाही रे. दुसऱ्याची लगेच दिसते.” खरं होतं ते. त्याची चूक सापडावी म्हणून तर मी डोळे फाडफाडून बघायचो. वर्षानुवर्षं बघितलं. एक सापडेल तर शपथ!

बहात्तरच्या दसऱ्यानंतर सांगलीचे एक शेठ दुकानात आले. गणपती पेठेत हळदीची पेढी. माणूस आत आला आणि पाठोपाठ हळदीचा वास आला. त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली, उलगडली आणि काकांच्या टेबलावर ठेवली.

सोन्याचं घड्याळ मी आधी बघितलं नव्हतं असं नाही. पण हे! तबकडीवर वार, तारीख, महिना, खाली छोट्या खिडकीत चंद्र. वर शर्यतीच्या काट्यासारखा एक काटा, कडेचं बटण दाबलं की पळायचा, पुन्हा दाबलं की थांबायचा. आणि या सगळ्याच्या वरताण म्हणजे, त्याला महिने कळायचे. तीसचा कुठला, एकतीसचा कुठला, फेब्रुवारी अठ्ठावीसचा कधी आणि एकोणतीसचा कधी, हे सगळं ते आपलं आपण करायचं. चावी देत राहा, बस्स. तनखे बंद झाल्यावर कुण्या संस्थानिकाच्या घरातून शेठनी ते घेतलं होतं. “पंचांग गिळून बसलंय हो हे!” असं ते सगळ्यांना सांगायचे. असली घड्याळं जगातच मोजकी, मुंबईचे शौकीन ते बघायला सांगलीपर्यंत येतात, हेही सांगायचे. खरं-खोटं त्यांना माहीत.

आता एवढं मोलाचं घड्याळ बिघडलं कशानं? तर पूजेनं! खंडेनवमीला शेठनी पेढीतल्या तराजूंशेजारी पाटावर ते मांडलं. हळद-कुंकू, अक्षता, फुलानं शिंपडलेलं पाणी, सगळं साग्रसंगीत. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो, म्हणून चावीही दिली नाही. घड्याळ थांबलं. दसऱ्याला शेठनी स्वतःच काटे फिरवले, तारीख पुढे गेली, म्हणून उलटे फिरवले. आत काहीतरी कटकन वाजलं. काकांनी भिंगातून बघितलं आणि कपाळाला हात लावला. काचेच्या आत कडेनं पिवळी रेघ, हळदीची.

“होईल,” काका म्हणाले. “पण माझ्या हातून नाही. मोतीबिंदू पिकलाय माझा. ही दोन पोरं आहेत.”

म्हटलं, हे काम माझंच. दोन वर्षांनी जुना मी. इंग्रजी वाचता येणारा मी. काकांकडे परदेशी घड्याळांची एक जुनी माहितीपुस्तिका होती, तिच्यातल्या आकृत्या रात्ररात्र बघितलेला मी. असलं घड्याळ साताऱ्यात पुन्हा कशाला येतंय? मी खुर्ची पुढे सरकवलीसुद्धा.

काकांनी पुरचुंडी उचलली आणि त्याच्या टेबलावर ठेवली.

शेठ गेल्यावर मी तोंड उघडलं. “आवं काका, मी काय मेलोय का?”

काका शांतपणे म्हणाले, “तुझ्या हाताला घाम येतो रे. आतल्या पोलादाला तो दोन दिवसांत गंज धरवतो. तू बघ. त्याला दुसरा डोळा तू हो.”

घाम! देवानं दिलेला घाम! हुशारीत कमी म्हणाले असते तर भांडलो असतो. चुकतोस म्हणाले असते तर सुधारलो असतो. घामाला काय करू? त्या रात्री मी तळहात राखेनं घासले, तुरटी लावली. सकाळी पुन्हा ओले. आणि हा गडी शेजारी बसून कोरड्या बोटांनी ते सोनं उघडतोय. माझ्या मनात येईल ते येत होतं. माणमध्ये दुष्काळ पडलाय, याच्या घरची माणसं खडी फोडायला गेलीत, म्हणून काकांना याची कीव आली असणार. हाताबिताची पारख काही नाही, कीव! असं म्हटलं की मला जरा बरं वाटायचं.

पाच दिवस त्यानं काम केलं. हळदीचा कण न् कण ब्रशानं काढला. दुमडलेली एक बारीक दांडी सरळ केली, दुसरी कानस लावून नवी घडवली. केसाएवढी दांडी ती! अधूनमधून मला म्हणायचा, “ये की रं, बघ की. लय गमतीचं हाय आत.” मी म्हणायचो, “मला काम आहे.” आणि तो चहाला गेला की हळूच बघायचो.

शेवटच्या दिवशी तबकडी चढवायच्या आधी त्यानं मला बोलावलं. आता इथं थोडं समजावून सांगावं लागेल. घड्याळाच्या पोटात एक दातेरी चकती असते, चार वर्षांच्या अठ्ठेचाळीस महिन्यांची. लहान महिना असेल तिथं तिच्या कडेला खळगा. त्यात फेब्रुवारीचे चार, तीन खोल आणि एक जरा उथळ. तो उथळ लीप वर्षाचा. एक दांडी त्या कडेवर टेकून चालते आणि महिना किती दिवसांचा ते ओळखते. ती चकती कुठल्या वर्षावर उभी आहे हे बाहेरून कुठंही दिसत नाही. एकदा तबकडी बसली की बसली. आत चूक राहिली तर ती वर येणार फेब्रुवारी संपताना, तीही कुठल्या तरी वर्षी.

मी भिंग लावलं. बघितलं. पुन्हा बघितलं.

बहात्तर हे लीप वर्ष. ऑक्टोबर चालू. म्हणजे दांडी उथळ खळगा ओलांडून आठ महिने पुढे हवी. ती उथळ खळगा ओलांडून, त्याच्या पुढचा एक खोल खळगाही ओलांडून बसली होती. एक वर्ष पुढे!

मी अगदी सहज विचारलं, “वर्ष कसं धरलंस रं?”

“सोपं हाय की,” तो म्हणाला. “फेब्रुवारीत जादा दिवस आला, मग पाडवा झाला. पाडव्याला वरीस पालटलं. म्हंजी लीपचं वरीस सरलं, आता त्याच्या फुडचं पयलं चालू हाय. पयल्यावर ठिवलंय.”

त्याच्या घरी काय, माझ्या घरी काय, वर्ष पाडव्यालाच पालटतं. सालगड्याचं साल पाडव्याला, देवळातलं वर्षफळ पाडव्याला. पण ते घड्याळ करणाऱ्या परदेशी माणसाला पाडवा कुठं माहीत? त्याचं वर्ष जानेवारीत पालटणार. ऑक्टोबरात अजून तेच लीप वर्ष चालू. माझ्या डोक्यात हा सगळा हिशेब तिथल्या तिथं झाला. त्र्याहत्तर निभावेल, चौऱ्याहत्तर निभावेल. पंचाहत्तरलाच मात्र हे घड्याळ शहात्तर धरणार, म्हणजे फेब्रुवारी असेल अठ्ठावीसचा आणि हे दाखवील एकोणतीस.

काका पलीकडून म्हणाले, “काय रे, ठीक आहे का?”

एक शब्द पुरे होता. ‘एक वर्ष मागं घे,’ एवढंच. त्यानं लगेच घेतलं असतं, वर मला शाबासकीही दिली असती, तसला बावळट भला माणूस तो. पण शाबासकी त्याच्याकडून मिळणार होती आणि घड्याळ त्याच्याच नावावर जाणार होतं.

“ठीक आहे काका,” मी म्हणालो.

त्यानं तबकडी चढवली.

पुढची सव्वादोन-अडीच वर्षं मी कशी काढली ते माझं मला माहीत. शेठ खूश झाले. एवढे खूश की त्याला सांगलीला घेऊन गेले, पेढीच्या ओट्यावर कोपऱ्यात टेबल दिलं, वर पाटी लावून दिली. हळदीच्या बाजाराला आलेला बागाईतदार, विट्याकडचा, जतकडचा, जो तो घड्याळ त्याच्याकडे टाकायला लागला. शेठनी तर त्या घड्याळाचा खेळच मांडला. दर वर्षी एक मार्चला सकाळी व्यापाऱ्यांना बोलवायचं, पेढे वाटायचे आणि मनगट पुढे करायचं, “बघा, काल अठ्ठावीस होती, आज एक! मी हात लावलेला नाही. आमच्या या पोरानं दुरुस्त केलंय.” त्र्याहत्तरला झालं, चौऱ्याहत्तरला झालं. साताऱ्याला येणारी एसटीची माणसं मला हे सगळं रंगवून सांगायची. मी ‘वा वा’ म्हणायचो. पोटात मात्र मिरची वाटल्यासारखी आग. आणि त्या आगीवर एकच गार फडकं, पंचाहत्तर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी खूण केली नव्हती, तेवढा मूर्ख नव्हतो. पण रोज सकाळी त्याच्याकडे बघायचो खरा.

चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात काका गेले. दुकान मी चालवायला लागलो. तो दिवसकार्याला आला होता, ढसाढसा रडला. मी रडलो नाही. माझ्या मनात येत होतं, काका अजून सहा-आठ महिने राहिले असते तर त्यांना कळलं असतं. किती हलकटपणा! पण आलं खरं मनात.

पंचाहत्तरच्या एक मार्चला मी पहाटेची एसटी पकडली आणि सांगली गाठली. कुणी बोलावलं नव्हतं. म्हटलं, सहज आलो, सुटे भाग घ्यायला. त्यानं मला बघितलं आणि धावत ओट्यावरून खाली आला. “आरं गड्या, बरा आलास! आज शेठचा सोहळा हाय. चल, पेढा खा.” माझा हात धरून त्यानं मला पुढे नेलं आणि शेठना म्हणाला, “आवं शेठ, हा माजा गुरुबंधू. साताऱ्याचं दुकान आता ह्योच बघतोय.”

वीस-पंचवीस माणसं होती. शेठनी बाही वर केली, मनगट पुढे केलं आणि न बघताच म्हणाले, “बघा, आज तारीख...”

पुढचा माणूस वाकला. “शेठ, एकोणतीस दिसतीया की.”

आधी लोक हसले, त्यांना थट्टा वाटली. मग दुसरा वाकला, तिसरा वाकला. कुणीतरी म्हणालं, “फेब्रुवारीची एकोणतीस! शेठ, तुमच्या पंचांगाला अधिक महिना लागला!” मग जो हशा उसळला म्हणता! शेठचं तोंड लालेलाल. गेल्या दोन वर्षांत त्यांचा पेढा खाऊन मनातून चरफडलेली सगळी माणसं त्या दिवशी हसून घेत होती. मी एकटाच नव्हतो तर जळणारा.

त्यानं घड्याळ हातात घेतलं. बघत राहिला. पाच-सात मिनिटं गेली असतील. ओठ हलत होते, वर्षं मोजत होता. मग त्याला कळलं. मला ते कळलेलं दिसलं. आता हा म्हणणार, माझ्या मनात आलं, आता म्हणणार की यानं तपासलं होतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं, ‘दोन वर्षांपूर्वीचं काय आठवतंय?’ असं.

त्यानं मान वर केली, माझ्याकडे बघितलं, मग शेठकडे. “चूक माज्या हातची हाय,” म्हणाला. “वरीस धरताना चुकलो.”

शेठनी त्याच्या हातातून घड्याळ काढून घेतलं आणि सगळ्यांदेखत माझ्या हातात दिलं. “तुम्ही न्या साताऱ्याला. मेंढरं राखायची सोडून कशाला आली ही माणसं या धंद्यात!”

अडीच वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो असा आला. घड्याळ माझ्या मुठीत होतं. मी पेढाही खाल्ला.

खरं सांगतो, ते घड्याळ उघडायची गरजच नव्हती. कडेला बारीक खड्डे असतात, त्यातला महिन्याचा खड्डा सुईनं दाबत न्यायचा. मागे जाता येत नाही, म्हणून तीन वर्षं पुढे, छत्तीस वेळा दाबायचं की वर्ष जागेवर. शेवटी तारीख तेवढी एकावर आणायची. अर्ध्या तासाचं काम. ते मी त्याच संध्याकाळी केलं. पण शेठना निरोप पाठवला की उघडावं लागेल, आठ दिवस लागतील. खोटं! मला ते उघडायचं होतं, एवढंच. बोटांना फडकी गुंडाळली, दुकानाचं दार लावून घेतलं आणि मागचं झाकण काढलं.

झाकणाच्या आतल्या बाजूला, सोन्यावर, घड्याळजी सुईनं बारीक खूण करतात. कुणी उघडलं, कधी उघडलं, पुढच्याला कळावं म्हणून. परदेशातल्या दोघा-तिघांच्या खुणा होत्या. त्यांच्याखाली बहात्तर साल. आणि सालापुढे दोन खुणा. खालची त्याची, एक तिरकी रेघ. वरची माझी. दोन टिंबं आणि खाली आडवी रेघ, मी माझ्या कामावर करायचो तशीच, अगदी माझ्या हातची वाटावी अशी.

माझं डोकं सणकलं. म्हणजे यानं मला गोवून ठेवलं होतं! आज ना उद्या कुणीतरी उघडणार आणि म्हणणार, दोघांनी मिळून घोळ घातला. वरून साळसूदपणे म्हणतो, चूक माझी! मी तणतणत झाकण बंद केलं. आठव्या दिवशी शेठ आले, घड्याळ घालून बघितलं, तोंडभरून बोलले. “याला म्हणतात हात!” म्हणाले. ते ऐकायला मी अडीच वर्षं थांबलो होतो आणि माझं लक्षच नव्हतं. मी विचारलं, तो कुठं आहे? शेठनी हात झटकला. पेढीवरचं टेबल त्यांनी काढून टाकलं होतं. तो कुपवाडला एका कारखान्यात लेथवर लागला होता.

मी भांडायलाच गेलो. जेवणाच्या सुट्टीत तो फाटकाबाहेर आला, निळा डगला, कोपरापर्यंत तेल. मला बघून हसला. मी हसलो नाही.

“झाकणात माझी खूण कुणी कोरली?”

“म्या.”

“का? मला गोवायला?”

“गोवायला?” तो गोंधळला. “आरं, तवा कुटं काय बिघडलं व्हतं? घड्याळ तर झ्याक चालत व्हतं.”

खरंच की. चूक तर एकट्या मला माहीत होती.

“मग कशाला कोरलीस?”

“काका म्हणालं व्हतं, असलं घड्याळ जल्मात एकदाच हाताखाली येतंय. तुला उघडायला मिळालं न्हाई. पाच दिस तू माज्याशी नीट बोलत नव्हतास, मला काय कळत नव्हतं व्हय? म्हटलं, तपासलं तर यानंबी हाय. याची खूण वर असू दे.”

फाटकापाशी माणसं भाकरीची फडकी सोडून जेवायला बसली होती. कुणीतरी त्याला हाक मारली, त्यानं हातानंच थांब म्हटलं. मी काय बोलणार होतो ते सगळं विसरलो आणि जे कधीच बोलणार नव्हतो ते बाहेर पडलं.

“मला दिसली होती ती चूक. त्याच दिवशी.”

तो दचकला नाही. बोटांवरचं तेल चिंधीला पुसत राहिला, एकेक बोट करून.

“ठावं हाय,” म्हणाला. “त्या दिशी पेढीवर समदी घड्याळाकडं बघत व्हती. तू एकटा माज्याकडं बघत व्हतास. तवा कळलं.”

“मग बोलला का नाहीस तिथं?”

“काय बोलू?” तो म्हणाला. “माजा राग करतोस, ह्ये मला पयल्यापासनं ठावं व्हतं रं. माज्याशी खोटं बोलशील, ह्येबी वाटायचं. पर घड्याळाशी खोटं बोलशील, असं कवा वाटलं न्हाई.”

भोंगा झाला. त्यानं चिंधी खिशात कोंबली आणि भाकरी न खाताच तो आत गेला.